मदत हवी आहे: रेडिओग्राफी कॅमेऱ्याच्या वाहतुकीचे कागद नव्या कोडप्रमाणे कसे करावेत? (बडोदा)

रावपुरा_१२ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या एनडीटी (वस्तू न तोडता तपासणी) कंपनीचं ऑफिस मी अकरा वर्षं सांभाळते आहे. पाइपच्या वेल्डिंगचे जोड तपासायचं आमचं काम. इरिडियम-१९२ या किरणोत्सारी स्रोताचे दोन कॅमेरे आहेत, म्हणजे त्याच्या किरणांनी जोडाचा फोटो काढायच्या पेट्या. ते कोयली, नंदेसरी, कधी दहेजपर्यंत जातात. मी रेडिओग्राफर नाही, आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) तर नाहीच. पण गाडी निघताना ड्रायव्हरच्या हातात जी फाइल पडते ती माझ्या टेबलावर तयार होते, म्हणून विचारते आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हातून चूक झाली. सकाळी सात वाजता रेडिओग्राफर दारातूनच म्हणाला, "ताई, एक मीटरवर आठ." मी टीआयच्या (ट्रान्सपोर्ट इंडेक्स, पेटीबाहेर किरणोत्सार किती ते सांगणारा आकडा) रकान्यात ८ लिहिलं. इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं, तो आकडा सांगणार आणि मी उतरवणार. फरक एवढाच की जुना काट्याचा मीटर जाऊन आता डिजिटल आला आहे, आणि तो मायक्रोसिव्हर्ट या वेगळ्या एककात दाखवतो हे माझ्या लक्षात नव्हतं. पेटीच्या लेबलवर रेडिओग्राफरने स्वतः बरोबर ०.८ लिहिलं होतं. साइटच्या गेटवरच्या माणसाने पेटी आणि कागद शेजारी शेजारी धरले आणि मला फोन केला, "बेन, आ आठ छे के पॉइंट आठ?"

गाडी आत घेतली नाही. त्याचं काहीच चुकलं नाही, मी त्याच्या जागी असते तर मीही घेतली नसती. आमचे आरएसओ नवे कागद सही करून मोटारसायकलवर घेऊन पोचेपर्यंत पाच तास गेले. ते पाच तास आमचे ड्रायव्हरकाका उन्हात गाडीजवळ उभे होते. डबा सकाळीच संपला होता. समोर शंभर पावलांवर चहाची टपरी होती, पण गेले नाहीत. दोनला त्यांचा फोन आला, "बेन, हुं गाडी छोडीने क्यांय नथी गयो." (गाडी सोडून कुठेही गेलो नाही.) तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आरएसओ रागावले नाहीत. म्हणाले, हा फॉर्म वाहतुकीच्या १९८६ च्या कोडच्या काळातला आहे, २०१६ च्या कोडप्रमाणे नवा करून घेऊ. त्यातच एका ग्राहक पार्टीने पत्र पाठवलं आहे की कागद आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) एसएसआर-६ या वाहतूक नियमावलीच्या रिव्हिजन १ प्रमाणे हवेत. तर मला विचारायचं आहे की आमच्यासारख्या छोट्या कंपनीसाठी या सगळ्यात नेमकं काय बदललं आहे? तुमच्याकडे फॉर्ममध्ये कोणते रकाने आहेत? आणि मला सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न, ड्रायव्हरला द्यायच्या सूचना इंग्रजीतच हव्यात का? काकांना गुजराती वाचता येतं, मराठी समजतं. आज फाइलमधलं एकही पान त्यांना वाचता येत नाही.

एक_मीटर_अंतर

ताई, मी ठाण्याला आरएसओ आहे. आधी टीआयचं बोलतो, कारण हीच चूक मी आणखी दोन ठिकाणी पाहिली आहे.

ट्रान्सपोर्ट इंडेक्स म्हणजे पेटीपासून एक मीटरवरचा जास्तीत जास्त डोस रेट (किरणांची मात्रा), तासाला मिलिसिव्हर्टमध्ये, गुणिले १००. एक मिलिसिव्हर्ट म्हणजे १०० मिलिरेम. त्यामुळे जुन्या मीटरवर जो आकडा दिसायचा तोच टीआय व्हायचा, गुणाकार करावाच लागत नव्हता. तुम्ही अकरा वर्षं आकडा तसाच उतरवलात ते त्या मीटरला धरून बरोबरच होतं. नवा मीटर ८ मायक्रोसिव्हर्ट दाखवतो, म्हणजे ०.००८ मिलिसिव्हर्ट, म्हणून टीआय ०.८. आकडा पूर्ण करताना नेहमी वरच्या बाजूला करायचा, ०.१३ आलं तर ०.२ लिहायचं. ०.०५ किंवा त्याहून कमी असेल तरच शून्य धरता येतं.

आणि गेटवाल्याने बरोबर का पकडलं तेही बघा. तुमच्या पेटीवर दोन-पिवळं लेबल असणार. त्याची हद्द पृष्ठभागावर तासाला ०.५ मिलिसिव्हर्ट आणि टीआय १ पर्यंत. टीआय खरंच ८ असता तर तीन-पिवळं लागलं असतं (पृष्ठभागावर २ मिलिसिव्हर्ट आणि टीआय १० पर्यंत). म्हणजे तुमचा कागद आणि तुमचं लेबल एकमेकांना खोटं पाडत होते. फॉर्ममध्ये एकाऐवजी तीन रकाने करा: मीटरवरचं वाचन, त्याचं एकक, आणि मग टीआय. पहिले दोन रेडिओग्राफरने स्वतःच्या अक्षरात भरायचे. दारातून ओरडून सांगितलेला आकडा कागदावर घ्यायचाच नाही.

आता नियमांचं. आपल्याकडे २००४ चे किरणोत्सार संरक्षणाचे नियम, आणि वाहतुकीसाठी एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळ) कोड. तो १९८६ चा होता, २०१६ ला बदलून आला, आयएईएच्या एसएसआर-६ च्या २०१२ च्या आवृत्तीला धरून. आयएईएने २०१८ ला त्याची रिव्हिजन १ काढली. तुमची पार्टी म्हणते ती हीच. तिच्यातले मोठे बदल तुमच्या कामाचे नाहीत. उदाहरणार्थ, अणुकेंद्रातली अवजड, पृष्ठभागावर दूषित झालेली यंत्रं न्यायची नवी वर्गवारी. कामाचे दोनच. पूर्वी 'रेडिएशन लेव्हल' लिहायचे तिथे आता 'डोस रेट' लिहितात, ते फॉर्ममध्ये बदलून घ्या. दुसरं म्हणजे, पेटीची रचना करताना ती जुनी होत जाते याचाही विचार झाला पाहिजे असं स्पष्ट म्हटलं आहे. ते बनवणाऱ्याचं काम आहे खरं, पण मी त्यावरून आमच्याकडे निघण्याआधीची तपासणी कडक केली. कुलूप, शिपिंग प्लग, स्क्रू, हँडल, सगळं हात लावून बघायचं.

हे का सांगतो? जानेवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियात ट्रकमधून जाणाऱ्या एका गेजमधली (मोजणीच्या उपकरणातली) सीझियम-१३७ ची कुपी वाटेत पडली. सहा मिलिमीटर रुंद, आठ मिलिमीटर उंच, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्ट ढिला झाला आणि त्याच्या भोकातून ती निसटली असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. सुमारे १,४०० किलोमीटरच्या वाटेवर शोध घेऊन १ फेब्रुवारीला ती रस्त्याकडेला सापडली. आपला कॅमेरा वेगळ्या बांधणीचा असतो, तरी ढिला स्क्रू तो ढिला स्क्रू.

वेल्डजोड_पुणे

वरच्या प्रतिसादात सगळं आलं आहे, थोडी भर घालतो. क्रियाशीलता (स्रोत किती जोराचा आहे ते) मोजल्याची तारीख फॉर्मवर हवीच. इरिडियम ७४ दिवसांत निम्मं होतं. भरताना ४० क्युरी असलेला स्रोत पाच महिन्यांनी १० वर येतो आणि कागदावर ४० च राहतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. शिवाय लेबलवर आकडा बेकेरेलमध्ये द्यायचा, क्युरी हवी तर शेजारी लिहा. विशेष स्वरूपातल्या (सीलबंद) इरिडियमची टाइप ए, म्हणजे कमी क्रियाशीलतेच्या पेटीची हद्द १ टेराबेकेरेल, म्हणजे २७ क्युरी. स्रोत त्याखाली आला म्हणून कागदावर टाइप ए लिहायच्या भानगडीत पडू नका. कॅमेऱ्यावर बी(यू) ची (जास्त क्रियाशीलतेच्या मजबूत पेटीची) खूण आणि तशीच मंजुरी असते, आम्ही शेवटपर्यंत तिचा मालक्रमांक यूएन २९१६ च ठेवतो.

रिकाम्या कॅमेऱ्याचं मात्र वेगळं. स्रोत काढला तरी आत बहुतेक वेळा डिप्लिटेड युरेनियमचं कवच असतं, तेही थोडं किरणोत्सारी. 'रिकामा आहे' म्हणून साध्या कुरिअरने पाठवू नका, तो यूएन २९०९ मध्ये येतो.

अजून एक विचारतो, तुमच्या गाडीवर किरणोत्साराची पाटी कायमची रंगवलेली आहे का?

रावपुरा_१२

हो, आहे. दोन्ही बाजूंना आणि मागे. काढायची असते का?

वेल्डजोड_पुणे

काढायचीच. पेटी गाडीत असेल तेव्हा दोन्ही बाजूंना आणि मागे हवी, प्रत्येक बाजू किमान २५० मिलिमीटर. पेटी उतरली की पाटी उतरली. रिकाम्या गाडीवर ती कायम राहिली तर लोकांना तिची सवय होते, आणि अपघात झाला तर अग्निशमनवाले नसलेल्या पेटीच्या भीतीने जखमी माणसापासून लांब थांबतील. चुंबकाच्या पाट्या करून घ्या, पत्र्यावर नीट बसतात.

हायवे_४८

ताई, मी स्वतः बारा वर्षं अशी गाडी चालवली, अंकलेश्वर, हजिरा, मुंबई. आता मुलगा चालवतो. तुमच्या ड्रायव्हरकाकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलं तेच बरोबर. गाडी सोडायची नाही. पण त्यांना भुकेलं राहायची वेळ आली, ती कागदात सोडवता आली असती. आमच्याकडे लेखी आहे की गाडीवर नेहमी दोघे, एक जेवतो तेव्हा दुसरा गाडीजवळ. तुमचा रेडिओग्राफर आत बोलणी करायला गेला तेव्हाच हे तुटलं.

ट्रेमकार्डवर (आणीबाणीच्या सूचनांचं कार्ड) सगळं असतं, पण ते आग लागली, पेटी पडली अशा वेळेसाठी. रोजच्या कामाला ड्रायव्हरला वेगळंच माहीत असावं लागतं. गाडी कुठे उभी करायची नाही (ढाब्याच्या गर्दीत, शाळेसमोर, घरासमोर तर कधीच नाही). कोणाला बसवायचं नाही. गावचा माणूस वाटेत हात करतो, नाही म्हणायला जड जातं, पण लेबल पिवळं असेल तर ड्रायव्हर आणि सोबतचा नेमलेला माणूस, बस्स. पोलिसांनी थांबवलं तर कोणतं पान आधी दाखवायचं. कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे. आणि तुमच्या फिल्मचे डबे! न धुतलेल्या फिल्म पेटीला टेकवून ठेवल्या तर काळ्या पडतात, मग साइटवर सगळे जोड परत मारायचे. त्या दुसऱ्या गाडीत नाहीतर अगदी पुढच्या टोकाला.

एवढं सगळं मला कोणी लिहून दिलं नव्हतं. चुका करत शिकलो.

एक_मीटर_अंतर

भाषेचा प्रश्न राहिला होता. माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला लेखी सूचना द्याव्यात आणि त्या वाहतूकदाराला किंवा संबंधित अधिकाऱ्यांना आवश्यक वाटतील त्या भाषांत असाव्यात, असंच एसएसआर-६ मध्ये म्हटलं आहे. इंग्रजीच हवी असं कुठेही नाही. डिक्लरेशन (माल पाठवणाऱ्याचं घोषणापत्र) इंग्रजीत ठेवा, कारण ते गेटवर आणि तपासणीत वाचलं जातं. ड्रायव्हरचं पान गुजरातीत करा. आरएसओंनी ते वाचून सही केली पाहिजे, भाषांतर तुमचं असलं तरी जबाबदारी त्यांची. आणि साइट बदलताना ई-लोरावर (एईआरबीची ऑनलाइन नोंदणी) कॅमेऱ्याच्या हालचालीची नोंद आरएसओ करतातच, तिची प्रत त्याच फाइलमध्ये लावा.

रावपुरा_१२

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण काम पुरं करूनच सांगायचं ठरवलं होतं.

फॉर्म बदलला. वाचन, एकक आणि टीआय असे तीन रकाने केले, रेडिओग्राफर माझ्या टेबलाशी बसून स्वतः भरतो. मोजणीची तारीख आणि त्या दिवसाची क्रियाशीलता वेगळ्या ओळीत आहे. पार्टीला कागदांचा नमुना पाठवला, त्यांनी मान्य केला. गाडीवरची रंगवलेली पाटी घासून काढली. चुंबकाच्या पाट्या खंडेराव मार्केटजवळच्या एका रंगाऱ्याकडून करून घेतल्या. पिवळा रंग पहिल्यांदा फिका आला होता, आरएसओंनी परत करायला लावला.

ड्रायव्हरचं पान मी आधी मराठीत लिहिलं, मग काकांना शेजारी बसवून गुजराती केलं. तुमच्या प्रतिसादातली प्रत्येक गोष्ट त्यात आहे, हायवे_४८ दादा. दोघांनी आळीपाळीने जेवायचं हे काकांनी स्वतः पहिल्या ओळीवर घ्यायला सांगितलं. एका जागी मी 'विकिरणाचं प्रमाण' असं काहीतरी लिहिलं होतं. काकांनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बेन, एटले मीटर जे बतावे ए ज ने?" (म्हणजे मीटर दाखवतो तेच ना?) तेच लिहिलं. आरएसओंची सही झाली, ई-लोराची प्रत लावली, पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं.

आज सकाळी गाडी दहेजला गेली. साडेदहाला काकांचा फोन आला. गेटवर पंधरा मिनिटं लागली, पैकी दहा मिनिटं गेटवाला ते गुजराती पान वाचत होता. त्याने एक झेरॉक्स मागितली आहे. आरएसओंना विचारून उद्या पाठवते.