ऑफ तास, बदली तास की प्रॉक्सी?

खडूफळा: एका शाळेच्या नियमपुस्तिकेचं इंग्रजीतून मराठी करतेय. शिक्षक रजेवर असले की त्यांच्या वर्गावर कोणाला पाठवलं, हे रोज ज्या वहीत लिहितात तिला काय म्हणावं? मी ‘बदली तास नोंदवही’ लिहिलं. शाळेचं म्हणणं, ‘बदली’ वाचून शिक्षकांच्या पोटात गोळा येईल.

माजी पर्यवेक्षक: आमच्याकडे सरळ ‘ऑफ तासांची वही’. हजेरीपट बघून कोण आलं नाही ते काढायचं, वेळापत्रकात कोण मोकळं आहे ते बघून नाव घालायचं. मग शिपाई वही घेऊन वर्गावर्गांत फिरायचा, सह्या घ्यायचा.

सातवी ब: ‘मला चौथा ऑफ आहे’ म्हणजे शिक्षक मोकळे. ‘मला चौथा ऑफ लावलाय’ म्हणजे तोच मोकळा तास गेला. बोलताना ठीक, पण नियमात असा शब्द घोळ घालेल.

निखळ मराठी: ‘पर्यायी तासिका’ लिहा. शाळेनेच मराठी शब्द वापरले नाहीत तर कोण वापरणार?

माजी पर्यवेक्षक: ‘बदली’ अरबीतून आलेला, ‘तास’ही तिकडचाच. ठोके द्यायच्या धातूच्या थाळीला तास म्हणत. कुठवर गाळत बसणार?

आईची नोंद: मुलीच्या सीबीएसई शाळेत सगळे ‘प्रॉक्सी’च म्हणतात.

निखळ मराठी: कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याची खोटी हजेरी लावणं. प्रामाणिकपणे वर्ग सांभाळणाऱ्याला तो शब्द लावू नये.

गावशाळा: तुम्ही मोठ्या शाळांचं बोलताय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला की दोन शिक्षक. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला मुभा आहे. दुसरे गुरुजी तिकडे गेले की पाचही वर्ग माझ्याकडे. आम्ही त्याला ‘वर्ग जोडणे’ म्हणतो. वही नाही, सही नाही. पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीचा भागाकार फळ्यावर, आणि पाचवीतली एखादी पोरगी दुसरीकडून पाढे म्हणून घेते. आधी तिच्यासाठी शब्द शोधा.

सातवी ब: वर्गमंत्री?

गावशाळा: वर्गमंत्री गोंधळ करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. ही चुकलेला पाढा पुन्हा म्हणायला लावते. हे शिकवणं आहे.

खडूफळा: मला शुक्रवारी मजकूर द्यायचाय. ‘बदली तास’ ठेवू का?

काळी माती: ‘तास’ अरबी कसा? आमच्याकडे नांगराच्या रेघेला तास म्हणतात. पोरांना ओळीत धरून ठेवायचं, तोच शाळेचा तास.

माजी पर्यवेक्षक: नांगराचं ते तास, शाळेचा तो तास. लिंग वेगळं, शब्द वेगळे.

काळी माती: लिंगावरून कसं ठरवता? ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ दोन्ही म्हणतो की आपण. ते काय दोन शब्द झाले?