हिवाळ्यातील यलोस्टोन: स्नोकोच घ्यावी की स्नोमोबाइल?

रत्नागिरीकर: नमस्कार. येत्या जानेवारीत आमची मुलगी आम्हा दोघांना अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवणार आहे. त्या दिवसांत आतील बहुतेक रस्त्यांवर नेहमीच्या गाड्या चालत नाहीत, असे ती सांगते. पत्नीला गुडघेदुखी आहे आणि आमचा सगळा जन्म समुद्रकाठच्या दमट हवेत गेला आहे. स्नोमोबाइल घ्यावी की स्नोकोच? तिथला ओल्ड फेथफुल हा गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा झरा, एका दिवसात पाहून परतणे झेपेल का?

चिपळूणवासी: काका, निःसंशय स्नोकोच घ्यावी. स्नोमोबाइल या बर्फावर चालणाऱ्या छोट्या गाडीवर दुचाकीसारखे उघड्यावर बसावे लागते आणि शून्याखालच्या थंडीत समोरून येणारा वारा तासन्‌तास सोसणे सोपे नसते. स्नोकोच म्हणजे रुंद, कमी हवेच्या टायरांची किंवा पट्ट्यांवर चालणारी बंदिस्त, उबदार गाडी असून ती वाटाड्याच चालवतो. काचांवर आतून वाफ धरते, म्हणून पुसायला रुमाल हाताशी ठेवावा. उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वाराजवळच्या वेस्ट यलोस्टोन गावाहून ओल्ड फेथफुल सुमारे 48 किलोमीटरवर आहे, पण बायसनचे कळप त्याच दाबलेल्या बर्फाच्या रस्त्याने चालत येतात आणि ते बाजूला होईपर्यंत गाडीला थांबावेच लागते. ही खोळंब्याची वेळ वाया गेली असे मानू नये. अंगावरच्या केसांत हिमकण अडकलेला तो प्रचंड प्राणी डोके डावीउजवीकडे हलवून बर्फ उकरतो आणि खालचे गवत खातो, हे पाहण्यासारखे असते. आपल्या उन्हवऱ्याच्या कुंडात गरम पाणी संथपणे वर येते. ओल्ड फेथफुलमध्ये मात्र ते साधारण दीड तासाच्या अंतराने उसळते आणि थंडीमुळे त्याची वाफ फार दाट दिसते.

मालवणचा वाचक: एका दिवसात जाऊन येता येते, पण वहिनींचे गुडघे पाहता मी मुक्काम सुचवेन. ओल्ड फेथफुल स्नो लॉज हिवाळ्यातही उघडे असते. आरक्षण मात्र लवकर करावे, कारण हा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच चालतो. गिझरभोवतीच्या लाकडी पायवाटांवर बर्फ घट्ट होऊन पाय घसरतो, म्हणून बुटांना लावायचे काटेरी पट्टे अवश्य न्यावेत. ठिकाण सुमारे 2,200 मीटर उंचीवर असल्याने दमही लवकर लागतो.

अलिबागकर: आरक्षण न मिळाल्यास गार्डिनर ते कुक सिटी हा उत्तरेकडचा रस्ता साध्या मोटारींसाठी वर्षभर खुला असतो. तो लामार खोऱ्यातून जातो. 1995 साली लांडगे पुन्हा आणून सोडले ते याच भागात. पहाटे दुर्बीण घेऊन थांबल्यास ते दिसण्याची आशा बरी असते.