मुसोलिनीचे युद्ध ही केवळ एक चूक होती का?

इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी याचा विषय निघाला की हमखास ऐकू येते : माणूस कर्तबगार होता, हिटलरच्या नादी लागून बुडाला. मला हे मान्य नाही. १० जून १९४० रोजी रोममधल्या सज्जातून त्याने फ्रान्स व ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा सैन्याची तयारी नाही हे वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना ठाऊक होते. परंतु त्याला अडवू शकेल अशी एकही संस्था त्याने शिल्लक ठेवली नव्हती. १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांनी निवडणुकीतील दडपशाही संसदेत मांडली आणि अकरा दिवसांनी त्यांचा खून झाला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत विरोधी पक्ष आणि स्वतंत्र वृत्तपत्रे मोडीत निघाली.

परिणाम पहिल्याच पंधरवड्यात दिसला. फ्रान्सच्या सीमेवरच्या आल्प्समध्ये ऐन जूनमध्ये बर्फ पडत असताना निकृष्ट बूट घातलेले जवान खिंडी चढत होते. दोन हजारांहून अधिक जणांना हिमदंश झाला, सहाशेहून अधिक मेले, आणि हाती आले ते मांतों हे फ्रेंच गाव व सीमेलगतची चिंचोळी पट्टी. ज्या राजवटीने १९२५ पासून ‘गव्हाच्या लढाई’चा, म्हणजे गव्हात स्वयंपूर्ण होण्याच्या मोहिमेचा डांगोरा पिटला, तिच्याच काळात ऑक्टोबर १९४१ मध्ये रेशनवरचा पाव माणशी दिवसाला २०० ग्रॅमवर आला आणि पुढच्या मार्चमध्ये १५० ग्रॅमवर.

प्रतिसाद १

असहमत. फॅसिस्ट राजवट म्हणजे युद्ध अटळच, असे असते तर सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा इटली त्याबाहेर राहिलीच नसती. स्पेनचा फ्रँको बाहेर राहिला आणि १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होता. शिवाय एकही संस्था उरली नव्हती हे विधान तपासून पाहावे : जुलै १९४३ मध्ये फॅसिस्ट महापरिषदेने, म्हणजे त्याच्याच पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, १९ विरुद्ध ७ मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला आणि राजाने त्याला पदच्युत करून अटक करविली. रोमच्या दक्षिणेकडील पोंतिनो दलदलीचा निचरा करून तिथे वसविलेली गावेही याच राजवटीची आहेत. तिची कामे आणि १९४० चा तो एक घातक निर्णय यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे.

प्रतिसाद २

आपण दोघेही युद्ध १९४० पासून मोजत आहात, आणि मला खटकते ते नेमके हेच. इथिओपियावर इटलीचे आक्रमण झाले ऑक्टोबर १९३५ मध्ये. तिथे विमानांतून मस्टर्ड हा विषारी वायू सोडला गेला. त्याच डिसेंबरात या युद्धासाठी इटलीतील बायकांनी बोटातली सोन्याची लग्नाची अंगठी उतरवून सरकारला दिली आणि बदल्यात पोलादाची घातली. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटलीचा तिथला व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर हल्ला झाल्यावर आदिस अबाबामध्ये तीन दिवस कत्तल चालली. मेलेले लोक युरोपातले नव्हते, म्हणून ही वर्षे ‘कामाची वर्षे’ ठरतात का?

धागाकर्त्याचे उत्तर

‘एकही संस्था’ हे माझे विधान सैल होते. राजा होता, हे मान्य. मात्र तो हलला केव्हा? दोस्त सैन्य सिसिलीत उतरल्यावर आणि १९ जुलैला रोमवर बॉम्ब पडल्यावर. १९३९ चे बाहेर राहणेही शहाणपणाचे नव्हते : तेव्हा युद्धात उतरण्याची अट म्हणून मुसोलिनीने हिटलरकडे सुमारे १ कोटी ७० लाख टन सामानाची मागणी केली होती, ती पुरी होणे शक्यच नव्हते. नऊ महिन्यांनी सैन्य तेवढेच अपुरे होते. फ्रान्स कोसळताना लुटीत वाटा मिळेल, हा मोह तेवढा नवा होता.

त्या राजाने तरी काय केले? ८ सप्टेंबर १९४३ ला दोस्तांशी शस्त्रसंधी जाहीर होताच सैन्याला स्पष्ट आदेश न देता तो राजधानी सोडून गेला. सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिक कैदी म्हणून जर्मन छावण्यांत गेले आणि देश पुढे वीस महिने रणांगण बनला. १० जुलै १९४४ रोजी, मुसोलिनीला हटवून जवळजवळ वर्ष झाल्यावर, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ब्रिटिश भारतीय सैन्यातील मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर एकट्याने जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. ठाणे जिंकले आणि तिथेच ते गोळ्या लागून पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेले घाडगे आपल्या रायगड जिल्ह्यातले, वय २२.