'बी', 'बीज', 'बीजांड' आणि 'बेणे' : दहावीच्या वर्गातील एक शब्दचर्चा

प्रश्न

कोल्हापूरजवळच्या एका गावात मी दहावीला विज्ञान शिकवते. सपुष्प वनस्पतींचे प्रजनन शिकवताना 'अंडाशय', 'बीजांड' आणि 'अंडपेशी' हे शब्द येतात. लगेच पुढे मानवी प्रजननात 'अंडाशय' आणि 'अंडपेशी' पुन्हा भेटतात. पण मुलींनी दवाखान्यात आईबरोबर किंवा मावशीबरोबर गेल्यावर 'स्त्रीबीज' आणि 'बीजकोष' हेच शब्द ऐकलेले असतात. परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, फुलातलं बीजांड म्हणजेच बाईचं स्त्रीबीज का?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बी बापाचं असतंय, आई म्हणजे रान." वर्गातल्या कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, आणि त्याचे मला जास्त वाईट वाटले. वर्गात नेमके कोणते शब्द वापरावेत, आणि 'स्त्रीबीज' हा शब्द पूर्ण टाळावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मॅडम, मीही बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे आणि आमच्या घरी ऊसशेती आहे, त्यामुळे या शब्दांशी माझा दोन्हीकडून संबंध आलेला आहे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. फुलातील बीजांड ही एक पेशी नसते. ती अनेक पेशींची, आवरणे असलेली रचना असते आणि तिच्या आतल्या भ्रूणकोशात अंडपेशी असते. दवाखान्यातले 'स्त्रीबीज' मात्र एकच पेशी असते, जिचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर भरतो. म्हणजे 'स्त्रीबीज' या शब्दाची खरी जोडी बीजांडाशी जुळत नाही, बीजांडाच्या आत असलेल्या अंडपेशीशी जुळते. मटाराची शेंग सोलून दाखवली तर हे लवकर कळते, कारण शेंग हे फुलाचे वाढलेले अंडाशय असते आणि तिच्यातला एकेक दाणा हे फलन झालेले एकेक बीजांड असते.

त्या मुलाचे वाक्य मात्र शब्दाच्या चुकीपेक्षा खोल गेलेले आहे. पुरुषाच्या पेशीला 'बी' म्हटले की आईकडे फक्त जागा आणि पोषण उरते. यासाठी शेंगदाणा हातात घ्यावा. तो मधोमध उकलला की टोकाशी इवलासा अंकुर दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंब्यांच्या रूपाने साठवलेले अन्न असते. बी म्हणजे दोन्ही पालकांपासून आधीच तयार झालेले, शिदोरी बांधून निजवलेले रोपटे होय. म्हणून बापाचे बी आणि आईचे रान ही उपमा शेतीच्याच ज्ञानावर टिकत नाही. रानात पडते ते लेकरू असते, आणि त्याचे आईबाप मागच्या हंगामातल्या फुलात होऊन गेलेले असतात.

माणसात शुक्रपेशी २३ गुणसूत्रे आणते आणि अंडपेशीही २३ आणते. याशिवाय युग्मनजाचे, म्हणजे फलनातून तयार होणाऱ्या पहिल्या पेशीचे, जवळजवळ सगळे पेशीद्रव्य अंडपेशीचे असते आणि तंतुकणिकाही, म्हणजे पेशीत ऊर्जा मोकळी करणारे सूक्ष्म घटकही, तिचेच असतात. शुक्रपेशीत तंतुकणिका असतात, शेपटीला पोहण्याची ऊर्जा त्याच पुरवतात, परंतु फलनानंतर त्या सहसा नष्ट होतात. ग्लुकोजचे विघटन पेशीद्रव्यात सुरू होते आणि ऑक्सिजन वापरून तंतुकणिकेत पूर्ण होते, हे मुले श्वसनाच्या पाठात शिकलेली असतात. तो पाठ या ठिकाणी पुन्हा उघडावा, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या पेशीत ज्या तंतुकणिका आज ऊर्जा मोकळी करत आहेत, त्या आईकडून, आईला आजीकडून आणि आजीला पणजीकडून आलेल्या आहेत. आईला रान म्हणणाऱ्या मुलाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

आता 'बेणे'. आपल्या भागातल्या मुलांना हा शब्द घरचा आहे आणि तो वर्गात येत नाही याची मला खंत वाटते. ज्वारीचे, भुईमुगाचे 'बी' असते. ऊस, हळद आणि आले यांचे 'बेणे' असते. उसाचे बेणे म्हणजे डोळे असलेल्या कांड्या, आणि डोळा म्हणजे कोंब फुटणारी कळी. त्यात पराग नाही, फलन नाही. निघणारे रोप मूळ उसाचीच नक्कल असते. पाठ्यपुस्तकात ज्याला 'शाकीय प्रजनन' म्हटले आहे, त्याचे वेगळेपण मराठी शेतकऱ्याने एका शब्दात आधीच सांगून ठेवले आहे. फळ्यावर एका बाजूला 'बी : लैंगिक' आणि दुसऱ्या बाजूला 'बेणे : अलैंगिक' एवढे लिहिले तरी अर्धा तास वाचतो. आपल्याकडचा 'को ८६०३२' जातीचा ऊस वाढतो बेण्यावर, पण ती जात निर्माण करायला उसाच्या तुऱ्यातले खरे बीच लागले. नावातला 'को' हा ती जात जिथे तयार झाली त्या कोईमतूरचा आहे.

'स्त्रीबीज' टाळू नये. उद्या याच मुलींना डॉक्टरांशी बोलायचे आहे, आणि तिथे हाच शब्द कानावर पडणार आहे. पहिल्या दिवशी 'अंडपेशी, म्हणजे दवाखान्यातले स्त्रीबीज' आणि 'अंडाशय, म्हणजे बीजकोष' असे एकदा स्पष्ट लिहून द्यावे आणि पुढे 'अंडपेशी' आणि 'शुक्रपेशी' हेच शब्द वापरावेत. दोन्हींच्या शेवटी 'पेशी' असल्यामुळे त्यांची बरोबरी ऐकतानाच कळते. 'बी' हा शब्द मात्र वनस्पतीसाठीच राखावा. 'अपरा' शिकवताना 'वार' हा शब्द जरूर सांगावा आणि 'नाळ' वेगळी दाखवावी. गोठा असलेल्या घरातल्या मुलांनी वार पडताना पाहिलेली असते.

प्रश्नकर्तीकडून

सर, मनापासून आभार. शेंगदाणा दाखवलाच, शिवाय शेजारच्या रानातून मक्याची दोन कोवळी कणसे आणली. मक्यात 'तुरा' म्हणजे फक्त नरफुले आणि उसाच्या तुऱ्यातले प्रत्येक फूल द्विलिंगी, हा फरक मुलांनीच काढला. कणसाचा प्रत्येक केस एकेका बीजांडापर्यंत जातो आणि फलन झाले की दाण्यापासून सुटतो. वरची पाने हलक्या हाताने उकलून मी कणीस उलटे धरून हलवले, तेव्हा बहुतेक केस बाकावर गळून पडले आणि शेंड्याकडचे थोडे चिकटून राहिले. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे आला, त्याने चिकटलेला एक केस बोटाने मुळापर्यंत मागोवा घेत नेला आणि म्हणाला, "मॅडम, हितं बी नाही, नुसतं बीजांड हाय."