मदत हवी आहे : बाळाचा रिपोर्ट येतो, पण बाळ सापडत नाही

नमस्कार. कराड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डेटा एंट्रीला आहे. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे नमुने नोंदवून लॅबला पाठवणं आणि आलेला रिपोर्ट घरापर्यंत पोचवणं, हे माझं काम.

मागे एका बाळाचा टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) फार वाढलेला आला. जन्मजात थायरॉइडचा हा दोष वरून दिसत नाही, बाळ गुटगुटीत असतं; पण औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं नाही तर बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. रिपोर्टवर नाव काय, तर 'पूजाचे बाळ'. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन पूजा बाळंत झालेल्या! नमुना क्रमांकावरून आई कळली. नंबर नवऱ्याचा, तो मुंबईला, फोन बंद. पहिलं बाळंतपण माहेरी, पण आरसीएच (सरकारी माता-बाल आरोग्य) नोंद सासरची, पाटणकडची. सासरच्या आशाताई म्हणाल्या, ती इथं नाही. माहेरच्या आशाताईंच्या यादीत तिचं नावच नव्हतं. शेवटी तिला घरी सोडलेल्या १०२ गाडीच्या लॉगबुकात पेनाने खरडलेलं वाडीचं नाव मिळालं. बाळ बाराव्या दिवशी सापडलं, पुन्हा रक्त तपासून तेराव्या दिवशी गोळी सुरू झाली. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून डिस्चार्जच्या आधी मी स्वतः वॉर्डात जाते. सव्वा महिना कुठे राहणार ते विचारते, आई किंवा भावाचा दुसरा नंबर घेऊन तिथल्या तिथे लावून बघते, आणि नमुना क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिते. माहेरवाशिणींचं त्यामुळे बरंच सुरळीत झालंय.

अडलंय ते ऊसतोड टोळ्यांपाशी. बीडकडच्या बायका बाळंत होऊन दुसऱ्याच दिवशी कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, जायचं म्हणतात. नमुना ४८ ते ७२ तासांत घ्यायचा असतो, पहिल्या दिवशी टीएसएच तसाही चढलेला असतो. म्हणजे लवकर घेतलेला पुन्हा घ्यावा लागतो, आणि तोवर टोळी वाळव्याला पोचलेली. नंबर मिळतो तो मुकादमाचा. बाईच्या तपासणीतलं काहीही त्याच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं, म्हणून त्याला फक्त 'बाळाला घेऊन यायला सांगा' एवढंच कळवते. बहुतेकदा कोणी येत नाही.

सांगली-साताऱ्यात हे काम करणाऱ्यांनी कृपया सांगा : टोळी हलली की पुढच्या गावच्या आशाताईंना तुम्ही कसं कळवता? कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून टोळीचा ठावठिकाणा मिळतो का? आणि बाळाच्या नमुना कार्डावर आईचा आरसीएच नंबर लिहिण्याची पद्धत कोणाकडे आहे का? असेल तर रजिस्टरचे रकाने कसे पाडलेत, ते मला हवंय. आता दोन कार्डं टेबलावर आहेत, दोन्ही टोळीतल्या बाळांची.