विषय: [मंडळ] तातडीचं – सायकलला कॅरिअर बसत नाही म्हणतोय

प्रेषक: मंदार
गुरुवार, ८ जानेवारी

मंडळी, पटकन सांगा. दुकानदाराने दोन हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलच्या मधल्या) सायकली रविवारपर्यंत धरून ठेवल्यात, मग संक्रांतीची सूट संपणार म्हणे.

पहिली १७,५०० ला. पुढे सस्पेन्शन, दोन्ही डिस्क ब्रेक, ३ बाय ७ गिअर. दुसरी २१,००० ला. पुढे साधा, बिनस्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), डिस्क ब्रेक, गिअर तेवढेच, टायर जरा बारीक. दोन्हींना मडगार्ड नाही, स्टँड नाही, आणि खरी गोची म्हणजे कॅरिअर बसणार नाही असं तो छातीठोकपणे सांगतोय. वर म्हणाला, "हायब्रिडला कॅरिअर शोभत नाही, साहेब."

आनंदवल्लीहून अंबड, सातपूरवरून लिंक रोडने. जाऊन-येऊन सोळाएक किलोमीटर. सोबत लॅपटॉप, डबा, संध्याकाळी आईची भाजी. सॅक पाठीला लावायची नाहीये. ते मखर उचलल्यापासून माझ्या पाठीचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. पोट कमी करायचंय हे खरं, पण आधी कॅरिअर.

जूनपर्यंत इथे नाशिकलाच आहे, मग परत तुमच्याकडे. फार महाग नको.

मंदार

---

प्रेषक: केतन

पहिली घेऊ नकोस. विषय संपला.

दुसरीच्या मागच्या चाकाच्या आसाजवळ, फ्रेमला, आटे पाडलेली भोकं आहेत का बघ. दोन्ही बाजूंना. आणि सीटच्या खाली जिथून दोन नळ्या मागे उतरतात तिथेही दोन. चारही असतील तर कॅरिअर बसतं, दुकानदार काहीही म्हणो. फोटो पाठव.

(इकडे उणे बारा. माझी सायकल नोव्हेंबरपासून गॅरेजमध्ये उलटी टांगलेली आहे. कर मजा.)

---

प्रेषक: संजय

केतन, तू नाशिक सोडलंस तेव्हाचे रस्ते डोळ्यांपुढे आणून सल्ला देऊ नकोस. सिंहस्थ २०२७ वर आलाय, निम्मं शहर खणून ठेवलंय. काल जो रस्ता होता तो आज खड्डा असतो आणि परवा दुभाजक. मंदार, डोळे मिटून सस्पेन्शनवाली घे. आणि दुकानात जायच्या आधी मला फोन का नाही केलास? कॉलेज रोडचे दोन्ही सायकलवाले मला ओळखतात. मागच्या वर्षी मंडळातल्या तिघांना मीच घेऊन दिल्या.

बिल नीट बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या हिशोबाने किंमत सांगून वर 'सूट' दाखवत असेल तर ती सूट नव्हे.

---

प्रेषक: केतन

संजयदादा, खड्डे मान्य. पण या किमतीतलं सस्पेन्शन म्हणजे एक जाड स्प्रिंग. फोर्कचंच वजन दोन-अडीच किलो. लिंक रोडच्या चढाला जरा उभं राहून पेडल मारलं की पुढचं चाक होडीसारखं खालीवर होतं, आपली ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. दोन पावसाळे गेले की ती स्प्रिंग गंजून बसते, मग राहतं फक्त वजन.

खड्ड्यांचा इलाज टायरमध्ये आहे. ७०० बाय ३८ किंवा ४० चे (म्हणजे ३८-४० मिमी जाडीचे) टायर घाल आणि हवा दगडासारखी टम्म भरू नकोस. टायरच्या कडेला कमीतकमी-जास्तीतजास्त आकडे छापलेले असतात, त्यांच्या मधे कुठेतरी ठेव. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या हातात नळी दिलीस तर तो ट्रकसारखी भरून देईल. हातपंप विकत घे. दुसरीला किती जाडीचे टायर आहेत?

---

प्रेषक: निखिल

कॉलेज रोडचा विषय निघालाच आहे तर, तिथे सकाळी सातला चालू असणारी मिसळ कुठली? १९ ला पोचतोय. काळ्या रश्शाची हवी.

---

प्रेषक: वसंतकाका

चि. मंदार,

मजा वाटली वाचून. आमचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. सायकल काळी, बावीस इंची, डायनामोवाली. कॅरिअरवर मी, दांडीवर धाकटा, हँडलला दळणाची पिशवी, आणि वडील तोंडाने शीळ घालत चालवायचे. गिअर नावाची गोष्ट नव्हती. प्रेस सुटली की अख्खा रस्ता सायकलींनी काळा व्हायचा. त्यात बिनकॅरिअरची सायकल मी एकही पाहिलेली नाही. एकवीस हजार देऊन जर डबा पाठीवर वाहायचा असेल तर ही प्रगती कोणत्या दिशेने चाललीय ते मला कळत नाही.

---

प्रेषक: संजय

काका, काळ बदलला. आता नाशिक ही सायकलवाल्यांची नगरी आहे. आपले डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली तुमच्या त्या अमेरिकेला आडवे पार करून आले, पश्चिमेच्या किनाऱ्यापासून पूर्वेच्या किनाऱ्यापर्यंत, दोघांत मिळून ४,८०० च्या आसपास किलोमीटर. त्यांच्या सायकलला कुठे कॅरिअर होतं?

---

प्रेषक: वसंतकाका

त्यांच्या मागे सामानाची गाडी होती. मंदारच्या मागे कोण आहे?

---

प्रेषक: अपर्णा (सचिव)

सर्वांना नम्र विनंती. ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. १७ तारखेच्या हळदीकुंकवाला किती जण येणार हे आजपर्यंत फक्त अकरा घरांनी कळवलंय आणि सायकलवर सात-आठ मेल झालेत. तिळगूळ किती किलो करायचा?

शिवाय गणपतीतला मोदकांचा मोठा स्टीमर कुणाकडे आहे ते अजून कळलेलं नाही. (निखिल?)

---

प्रेषक: निखिल

स्टीमर माझ्याकडे नाही. मी फक्त गाडीतून नेला होता.

---

प्रेषक: शुभदाताई

मंदार, कॅरिअर-सस्पेन्शन चालू द्या तुमचं. साईज विचारली का कुणी?

दुकानात जी उभी असते तीच आपली साईज ठरते. मला अशीच मोठी गळ्यात मारली होती. "ताई, सीट खाली केली की झालं." सीट खाली होते, पण हँडल जवळ येत नाही. इंदिरानगरहून पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे आणि दुपारभर मान धरून बसायचे. चार महिने वाटत होतं वय झालं. मग भाचीची लहान फ्रेम चालवली आणि कळलं की वय नाही, सायकल मोठी झाली होती.

दोन पायांत सायकल घेऊन सपाट उभा राहा. मधली नळी आणि तू यात दोन-तीन बोटांची तरी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेव, पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवड्याने मारताना तो जरासा वाकलेला राहतो. दुकानातला मुलगा सीट खालीच ठेवतो, दोन्ही पाय जमिनीला टेकले की गिऱ्हाईक खूश. गुडघे मात्र महिनाभरात बोंबलतात.

आणि नुसती दुकानासमोर फिरवू नकोस. चांगली दहा मिनिटं चालव. अपर्णा, आम्ही दोघं इथेच आहोत मार्चपर्यंत, हळदीकुंकवात धरू नकोस.

---

प्रेषक: मंदार
शुक्रवार, ९ जानेवारी

ताई, बरं झालं बोललात. पहिली मला मोठीच होती, मधली नळी अगदी टेकत होती. तिला आसाजवळ भोकंही नाहीत. म्हणजे ती बाद. संजयदादा, सॉरी.

दुसरी एम साईज, बरोबर बसते. टायर ७०० बाय ३५ आहेत, ३८ बसतील म्हणतो. चारही भोकं आहेत. पण डावीकडे डिस्क ब्रेकचा तो ठोकळा नळीच्या बाहेर येतो, कॅरिअरचा पाय नेमका त्याच्यावर आदळतो. त्याने माझ्यासमोर लावून दाखवलं. दीडेक सेंटिमीटरचा प्रश्न आहे. त्याचं म्हणणं, सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर घ्या.

---

प्रेषक: संजय

घे की मग दांड्यावरचं. पाच मिनिटांत बसतं.

---

प्रेषक: निखिल

नको नको नको. माझं ऐक. मीही तेच लावलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. एकाच जागी आवळलेलं असतं, खड्डा बसला की कॅरिअर हळूहळू एका बाजूला फिरतं आणि आपल्याला मागे दिसत नाही. मायको सर्कलला सिग्नल सुटला, मी वळलो, कॅरिअर वेगळ्या दिशेला वळलं. डबा सुटून घरंगळत गेला तो रिक्षाखाली. शेवभाजी होती. मागचा माणूस गाडी थांबवून मला म्हणाला, "दादा, तुमचा रस्सा सांडला." ऑफिसात दिवसभर पँटीला तर्रीचा वास.

---

प्रेषक: केतन

निखिल बरोबर सांगतोय (एकदाचा). दांड्यावरचं कॅरिअर नऊ-दहा किलोपुरतं, तेही कागदावर.

मंदार, दोन उपाय. एक, डिस्कसाठी केलेलं कॅरिअर मागव. त्याचे पाय मुळातच बाहेर फाकलेले असतात. दोन, लांब बोल्ट आणि मधे नळीचा तुकडा. भोक ५ मिमीचं असतं. डावीकडे १५ मिमीची स्टीलची नळी, तीस-पस्तीसचा बोल्ट, स्टीलचाच. दुसरा उपाय स्वस्त, पण मग बोल्टवर तिरका ताण येतो. १० किलोच्या वर लादू नकोस. भाजी एका दिवसाचीच आण.

---

प्रेषक: वसंतकाका

डिस्क ब्रेकच्या भानगडीत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत. पुतण्याची सायकल मागे घरी होती. ब्रेक दाबला की कुंईं करायची. बिजागरी कुरकुरली की तेल घालतात, म्हणून मी शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब त्या चकतीवर सोडले. आवाज गेला. ब्रेकही गेला. मखमलाबादच्या उतारावर समोर म्हैस आडवी. मी ब्रेक दाबतोय, म्हैस माझ्याकडे बघतेय. शेवटी द्राक्षाच्या बागेच्या कुंपणात सायकल घातली. म्हैस जागची हलली नाही.

---

प्रेषक: केतन

काका!! चकतीला तेल कधीच नाही. बोटसुद्धा लावायचं नाही. एकदा ब्रेकच्या पॅडमध्ये तेल मुरलं की पॅड बदलावेच लागतात. पण त्यात डिस्कचा दोष नाही. चाकाच्या कडेला धरणाऱ्या ब्रेकचं रबर पावसात सुरुवातीला घसरतं आणि कडेला चिखल लागला की ती घासून खातं. नाशिकच्या जुलैत डिस्कच बरा.

---

प्रेषक: शुभदाताई

मंदार जूनला परत जाणार आहे. जुलैचं काय घेऊन बसलायस?

---

प्रेषक: संजय

सायकल विकून जाणार असशील तर मला आधी सांग. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.

---

प्रेषक: अपर्णा (सचिव)

चौदा घरं झाली. स्टीमर अजून बेपत्ता.

---

प्रेषक: मंदार
रविवार, ११ जानेवारी, रात्री

घेतली. दुसरी. घासाघीस करून २०,२००, मडगार्ड आणि स्टँड त्यातच. कॅरिअर वेगळं, ९०० ला, साधंच.

दुकानदार लावून द्यायला तयार नव्हता, म्हणून काल सातपूरला एका हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याला सांगितलं, स्टीलची नळी, १५ मिमीचे तुकडे. त्याने विचारलं कशाला, मी मोबाइलवर फोटो दाखवला. तो काही न बोलता आत गेला, नळी कापली, कानशीने दोन्ही तोंडं घासली, आणि दोनऐवजी चार तुकडे हातावर ठेवले. "वर पण लागतील, नाहीतर कॅरिअर तिरकं बसेल." खरंच लागले. बोल्टसकट सगळे मिळून ऐंशी रुपये.

आज सकाळी सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो. थंडी अशी की नाकाचं पाणी मिशीवर. परत येताना आईने सांगितलेली मेथी आणि हुरडा कॅरिअरला बांधून आणला, एक कणीस पडलं नाही. पाठ ठीक आहे. बूड ठीक नाही.

फक्त एक. मागचा सातवा गिअर टाकला की उजवीकडे खट्ट खट्ट आवाज येतो. सहाव्यात नाही. दुकानदार म्हणतो नवीन आहे, बसेल हळूहळू.

---

प्रेषक: केतन

बसणार नाही. उजवीकडच्या बोल्टचं टोक फ्रेमच्या आतल्या बाजूला, चाकाकडे, बाहेर आलंय. सातव्या गिअरला साखळी अगदी कडेच्या छोट्या चक्रावर असते, ती त्या टोकाला घासतेय. डावीकडे लांब बोल्ट लागतो, उजवीकडे नाही. तिथे नळी काढ आणि १२ चा बोल्ट लाव. तोवर सातवा टाकू नकोस, साखळी अडकली तर मागचं चाक जाम होईल.

---

प्रेषक: मंदार

बरोबर. टॉर्च मारून बघितलं, तीन मिलिमीटर बाहेर आहे आणि टोक चकचकीत झालंय. उद्या ऑफिसला जाताना बदलतो.

---

प्रेषक: वसंतकाका

काढलेला बोल्ट टाकू नकोस. मला त्या नळीसकट हवाय. पुतण्याच्या सायकलला कॅरिअर लावायचंय.

---

प्रेषक: निखिल

मिसळीचं कुणी सांगितलंच नाही. आणि स्टीमर सापडला, डिकीत होता.