इतिहासाच्या विद्यार्थ्याने विज्ञानाचा कोणता अभ्यासक्रम निवडावा?

प्रश्न
नमस्कार. मी इतिहास हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. आमच्याकडे पदवीसाठी विज्ञानाचे दोन अभ्यासक्रम बंधनकारक असून त्यांपैकी एकाला प्रात्यक्षिक असावेच लागते. शाळा सुटल्यापासून माझा विज्ञानाशी संबंध आलेला नाही. विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठीचा खगोलशास्त्राचा सोपा वर्ग घ्यावा, की भौतिकशास्त्राचा नेहमीचा पायाभूत अभ्यासक्रम घ्यावा, हे ठरत नाही. श्रेणी घसरण्याची भीती वाटते, पण केवळ नियम आहे म्हणून वेळ काढण्याचीही इच्छा नाही.

प्रतिसाद १
आधी नियमावली स्वतः वाचावी. मी विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम विज्ञान म्हणून मोजला जाईल असे गृहीत धरले होते. तो मानव्यविद्येत धरला गेल्याचे मला शेवटच्या सत्रात कळले आणि पदवी लांबली. प्रात्यक्षिकाची नोंदणी पुष्कळदा वेगळी करावी लागते, हेही तपासावे. पुढे मुख्य विषय बदलण्याचा विचार असेल, तर विज्ञानेतरांसाठीचा वर्ग सहसा पूर्वअट म्हणून चालत नाही.

प्रतिसाद २
मी बरीच वर्षे पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. बंधन तुमच्याकडेच आहे असे समजू नये. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मुख्य विषय कोणताही असला, तरी गणित आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी दोन, तर रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचा प्रत्येकी एक अभ्यासक्रम करावाच लागतो.

माझ्या मते खगोल की भौतिक यापेक्षा त्या वर्गात तुम्ही स्वतःच्या हाताने काही मोजणार आहात का, हे महत्त्वाचे आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला (झोक्याला) लागणारा वेळ, सुमारे २ सेकंद असतो. स्टॉपवॉच दाबताना हाताची ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे एकच दोलन मोजले तर १० टक्के घोळ होतो. तीच २० दोलने सलग मोजून भागाकार केला, की दर दोलनामागे ती चूक ०.०१ सेकंदावर येते. त्यावरून गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो ते) काढताना बरेच विद्यार्थी पुस्तकातले ९.८ आधीच मनात धरून आकडे जुळवतात, आणि मला सर्वाधिक दुःख त्याचेच होते. ९.६ आले असेल तर ९.६ लिहावे आणि त्यात किती कमीजास्त होऊ शकते तेही लिहावे. साधनचिकित्सा, म्हणजे ऐतिहासिक साधने पारखून घेणे, शिकलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये.

प्रतिसाद ३
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दुसरा अभ्यासक्रम संख्याशास्त्राची जोड असलेल्या जीवशास्त्राचा घ्यावा असे सुचवेन. हजारांत एकाला असणारा आजार आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून बाधित ठरवणारी चाचणी घ्या: हजार जणांत सुमारे ५१ जण बाधित दिसतील आणि त्यांतला खरा रुग्ण एकच असेल. हा हिशेब मला पदवीनंतर कळला, याची खंत वाटते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. नियमावलीत पाहिले, खगोलशास्त्राच्या वर्गाला प्रात्यक्षिक नाही. त्यामुळे भौतिकशास्त्र या सत्रात घेतो आणि जीवशास्त्राची पूर्वअट उद्या विभागात विचारतो.